आईचं बरोबर होतं: कान, डोळे आणि विमान

आजचा विषय आहे तोल.

मी नेऱ्याचा. पनवेलला कॉलेजला जाताना एसटीत बसलो की मोबाइल काढायचो, आणि अर्ध्या वाटेत मळमळायला लागायचं. आई म्हणायची, "अरे, ठेव तो मोबाइल, बाहेर डोंगराकडे बघ." मला वाटायचं, हिला मोबाइलच खुपतो. पण तिचं बरोबर होतं.

आपल्या प्रत्येक कानात, अगदी आत, तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, द्रव जरा मागे राहतो, आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. शेजारीच कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वेग वाढला, ब्रेक लागला, मान कलली, हे त्यांच्यामुळे समजतं. डोळे आणि पायांचे स्नायूही आपापली साक्ष देतात. एसटीत कान म्हणतो, 'आपण हलतोय.' स्क्रीनला चिकटलेले डोळे म्हणतात, 'छे, सगळं स्थिर आहे.' या भांडणात पोट ढवळतं. डोंगराकडे बघितलं की साक्षी जुळतात.

पण कानाची एक खोड आहे. एकसारखं वळत राहिलो की काही सेकंदांत द्रवही तेवढ्याच वेगाने फिरू लागतो. मग वळण जाणवतच नाही. अगदी हळूहळू कललं तरी तेच. जमिनीवर डोळे सावरून घेतात. रात्री समुद्रावर काय?

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं 'एम्परर अशोका' हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघालं. उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. ते विमान उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. बाहेर मिट्ट काळोख, क्षितिज दिसत नव्हतं. कॅप्टन विमान डावीकडे झुकवत गेले. उड्डाणाला दोन मिनिटंही झाली नव्हती आणि विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण होते, कुणीच वाचलं नाही.

म्हणून वैमानिकांना शिकवतात: अंगाला काय वाटतंय त्यावर जाऊ नका, आणि एकाच यंत्रावरही विसंबू नका. बाकीच्यांशी ताडून बघा.

आता विमानतळ आपल्या पनवेलच्या दारातच आलाय. विमानात मळमळत असेल, तर पंखाजवळची सीट घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. आणि मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर बघा.

आईला सांगू नका, पण हा एपिसोड तिच्यासाठी. भेटू पुढच्या भागात!