शेतकऱ्याची सावधगिरी

शिकलेल्या शहरवासीयांचें खेडुताविषयीं एक ठाम मत असतें. नवें बियाणें दाखविलें, खत सुचविलें, तरी शेतकरी नुसती मान हलवितो; तेव्हां तो स्वभावानेंच भित्रा, आणि त्यांतून गरीब असला तर अधिकच भित्रा, असा निकाल आपण घरबसल्या देऊन मोकळे होतों. हा निकाल कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं एका परदेशी पंडितानें आपल्याच सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील खेड्यांत एक प्रयोग केला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हान्स बिन्सवांगर हे १९४३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेले कृषिअर्थशास्त्रज्ञ. उच्च शिक्षण अमेरिकेंत घेतल्यावर ते हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधनसंस्थेंत आले. या संस्थेनें १९७५ पासून कोरडवाहू मुलुखांतील सहा गांवें सतत निरीक्षणाखालीं ठेविलीं होतीं: दोन सोलापूर जिल्ह्यांतील, दोन अकोला जिल्ह्यांतील आणि दोन त्या वेळच्या आंध्र प्रदेशांतील महबूबनगर जिल्ह्यांतील. सोलापूरकडील शिरापूर हें त्यांपैकीं एक. बिन्सवांगर यांनीं या गांवांतील २४० कुटुंबें निवडलीं. त्यांत जमीनदार होते, तसे भूमिहीन मजूरही होते.

पहिली रीत प्रश्न विचारण्याची. ‘अमुक मिळण्याची खात्री असेल तर काय कराल, आणि तमुक मिळण्याचा नुसता संभव असेल तर काय कराल?’ पण तोंडी उत्तरांत विचारणाऱ्या माणसाचीच छाया पडली, आणि पुढें प्रत्यक्ष वागणुकीशीं त्या उत्तरांचा मुळींच मेळ बसला नाहीं.

दुसरी रीत खऱ्या पैशांची. नाणें उडवावयाचें. पन्नास रुपयांच्या खेळांत छापा पडो वा कांटा, पन्नास रुपये निश्चित घेण्याची मुभा होती. ज्याला थोडें धाडस करावयाचें असेल त्यानें असा सौदा घ्यावा कीं, एका बाजूस पंचेचाळीस व दुसऱ्या बाजूस पंचाण्णव. आणखी धाडस असेल तर तीस व दीडशें. आणि सर्वांत धीट माणसानें शून्य किंवा दोनशें रुपये असा सौदा घ्यावा. खेळ आठ आण्यांपासून सुरू होऊन पांच व मग पन्नास रुपयांवर गेला. पदरचें कुणाचेंच कांहीं जात नव्हतें. परंतु मोठी जिंक अकुशल मजुराच्या महिन्याच्या मिळकतीहूनही अधिक होती. तेव्हां हा पोरखेळ नव्हता.

१९८० सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: रक्कम लहान असतां माणसामाणसांत पुष्कळ फरक दिसला. रक्कम मोठी होतांच बहुतेक सारे एकाच मध्यम सावधगिरीच्या पातळीवर आले. अगदीं भित्रे थोडे, अगदीं बेफिकीर त्याहून थोडे. संपत्तीनें सावधगिरी किंचित् कमी होते असें दिसलें. परंतु तो फरक इतका अल्प होता कीं, त्यावर भरंवसा ठेवतां येऊं नये. बागायतदार आणि मजूर यांच्या काळजाचें माप जवळजवळ एकच निघालें!

हें केवळ आपल्याकडचेंच वैशिष्ट्य असेल काय? तीच पद्धत फिलिपाइन्समध्यें आणि मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोरमध्यें इतर संशोधकांनीं वापरून पाहिली. भाषा, धर्म, पिकें सारीं निराळीं. निष्कर्ष मात्र बराचसा असाच.

मग शेजारशेजारच्या दोन शेतांत एक नवें बियाणें पेरतो आणि दुसरा पेरीत नाहीं, हें कां? १९८३ सालीं एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या लेखांत बिन्सवांगर यांनीं यांतील कर्जाच्या अडचणीकडे बोट दाखविलें. ज्याला पेरणीच्या वेळीं कर्ज मिळतें, आणि पाऊस हुकला तरी वर्ष काढण्यापुरता आधार ज्याच्या पाठीशीं असतो, तो पुढें पाऊल टाकूं शकतो. दुसऱ्याच्या मनांतही तेंच असतें. परंतु त्याच्या हातीं साधन नसतें. नाण्याच्या खेळांत वाईटांत वाईट म्हणजे हात रिकामा राहतो. शेतांत मात्र घरचें बीं, बैल आणि प्रसंगीं जमीनही जाते.

पुढें जागतिक बँकेंत, आणि २०१७ सालीं दक्षिण आफ्रिकेंत त्यांचें निधन होईपर्यंत, शेती, ग्रामीण पतपुरवठा व जमिनीची मालकी हे त्यांचे आवडीचे विषय राहिले. नाण्याच्या त्या खेळाशीं या विषयांचें नातें उघड आहे. दोष स्वभावाचा असता तर उपदेशकांनीं काम भागलें असतें. तो परिस्थितीचा आहे. म्हणून गांवीं उपदेशक धाडण्यापूर्वीं, मृगाआधीं तेथें रास्त व्याजानें कर्ज मिळतें कीं नाहीं, एवढें आपण विचारून घ्यावें.