खुकरीवरचे १७६ जण



आम्हाला विषय दिला आहे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्या जीवनाचा. पण त्यांच्याविषयी बोलायचं तर त्यांच्या खलाशांना सोडून बोलता येणार नाही. कप्तानाचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्यांच्याबरोबर गेलेल्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही, ही आम्हाला टोचणी आहे.

मुल्लासाहेब मूळचे गोरखपूरचे. जन्म १५ मे १९२६. जानेवारी १९४६ मध्ये ते नौदलात दाखल झाले आणि फेब्रुवारी १९७० मध्ये 'खुकरी' या युद्धनौकेचे प्रमुख झाले. पंचवीसेक वर्षांची नोकरी, ती सगळी समुद्राशी बांधलेली.

१९७१ चं युद्ध डिसेंबरच्या ३ तारखेला पेटलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे शत्रूची पाणबुडी फिरत होती. तिला शोधायला खुकरी आणि 'कृपाण' ही जोडी ८ तारखेला मुंबईहून निघाली. पाणबुडी होती 'हंगोर', फ्रेंच बनावटीची, नवी. तिला लांबचं ऐकू यायचं; आपल्या जहाजांचा आवाज-शोधक तेवढा लांब पोहोचत नव्हता. शिवाय खुकरीवर एक नवं यंत्र तपासायचं चाललं होतं, त्यामुळे वेग कमी ठेवलेला. तो ठेवायला हवा होता का, यावर जाणकार आजही वाद घालतात. आम्हाला एवढंच दिसतं, की ज्याच्याजवळ चांगलं साधन नाही त्यालाच शिकारीला पाठवलं होतं.

९ डिसेंबरची रात्र. पावणेनऊच्या रेडिओ बातम्या ऐकायला बरेच खलाशी जेवणघरात जमले होते. त्याच सुमारास दीवजवळच्या समुद्रात पाणतीर लागला. दिवे गेले. काही मिनिटांत जहाज पाण्याखाली. खाली असलेल्यांना शिडीपर्यंत पोहोचायलाही उसंत मिळाली नाही.

कप्तानाने जहाज सोडण्याचा हुकूम दिला. आपलं जीवरक्षक जाकीट त्यांनी दुसऱ्याला दिलं असं सांगतात. जमेल तेवढ्यांना त्यांनी पाण्यात ढकललं आणि स्वतः वर, जहाज हाकतात त्या जागी परत गेले. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं तिथेच पाहिलं. पुढे त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी 'कच्छाल' या जहाजाने ६७ जणांना उचललं. रात्रभर ते अंधारात तरंगत होते. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. आपल्या या सभामंडपात मावतील एवढी माणसं! कुणाच्या घरी अंत्ययात्रा निघाली नाही, खांदा द्यायला काही हाती आलं नाही. बाई कुंकू पुसायची की वाट पाहायची? गावी तार गेली असेल, ती वाचून दाखवायलाही कुणी शेजारी बोलवावा लागला असेल.

दीवला टेकडीवर १९९९ साली स्मारक झालं; काचेत खुकरीची प्रतिकृती आहे, समोर तोच समुद्र. पुढे माझगाव डॉकमध्ये याच नावाची दुसरी नौका बांधली गेली. ती १९८९ ते २०२१ सेवेत होती. २०२२ मध्ये तीही संग्रहालयासाठी दीवला दिली.

येत्या सुटीत तिकडे सहल काढायचं आमच्या मनात आहे. ज्यांना मुलाबाळांसह यायचं असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर आमच्याकडे नावं द्यावीत.