फाटकाची किल्ली कुणाकडे?

आज आम्ही बचत गटाच्या पाचजणी स्टुडिओत आलोय. माईकसमोर एकजण बोलतेय, पण बोलणं पाचजणींचं आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. विषय आहे फुटबॉलचा. हसू नका! खेळाबद्दल नाही, तो खेळ बघायला जमणाऱ्या गर्दीबद्दल बोलायचंय.

आमचं गाव कोल्हापूरपासून तासाभराच्या वाटेवर. गावातली पोरं शाहू स्टेडियमवर सामने बघायला जातात. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठांचा आणि तालमींचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही नावं आमच्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ. हौस चांगलीच आहे. पण दोन बाजूंच्या समर्थकांची हुल्लडबाजी, दगड, बाटल्या हेही तिथं अधूनमधून घडतं. शहरातली हौस गावात आली, तिच्या मागोमाग भांडणही आलं.

गेल्या वर्षी आमच्या माळावर स्पर्धा झाली. वरची आळी आणि खालची आळी. सगळे प्रेक्षक एकाच बाजूला, एकमेकांना खेटून. पंचांनी एक गोल नाकारला आणि हाणामारी सुरू झाली. एका पोराच्या डोक्याला सात टाके पडले. ज्याच्या हातून दगड सुटला, तोही आपल्यातलाच. दोघांच्या आया आमच्याच गटात. बारा वर्षं शेजारी बसून वहीत सह्या करणाऱ्या ह्या दोघी तेव्हापासून एकमेकींशी बोलत नाहीत. एकीनं तर बैठकीला येणंच सोडलंय. लेकीच्या हातून हप्ता पाठवते. हप्ता वेळेवर येतो, ती येत नाही.

आता पुन्हा स्पर्धा आहे. समितीनं ठरवलं, यंदा दोन्ही आळ्यांना वेगळं बसवायचं. बांबूचं कुंपण, दोन कप्पे, प्रत्येकाला एक फाटक आणि सामना सुरू झाला की फाटकाला कुलूप. बायका-मुलांसाठी शाळेच्या भिंतीलगतचा कोपरा. आम्हाला बोलावलं होतं चहा-वड्याचं सांगायला. तेव्हा आमच्यातली एकजण सहज म्हणाली, “कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

त्या प्रश्नापासून आम्ही माहिती काढायला लागलो. कॉलेजात शिकणाऱ्या लेकींनी मदत केली. जे कळलं, त्यातलं थोडं सांगतो.

पहिली गोष्ट कलकत्त्याची. 16 ऑगस्ट 1980, ईडन गार्डन्स. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्या दोन संघांचं वैर म्हणजे घराघरांतलं वैर. त्या दिवशी दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये बसले होते. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली, तिचे पडसाद वर प्रेक्षकांत उमटले. मारामारी झाली, पळापळ झाली. 16 जण गेले. खेळ बघायला म्हणून घराबाहेर पडलेली माणसं ती. त्यांच्या आठवणीत 16 ऑगस्टला कलकत्त्यात रक्तदान करतात. म्हणजे समितीचं चुकलं नव्हतं. तापलेली डोकी एकमेकांना खेटून बसवू नयेत.

पण दुसरी गोष्ट ऐका. ती इंग्लंडची. शेफील्ड शहरातलं हिल्सबरो मैदान, 15 एप्रिल 1989. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना. तिथं त्या काळी प्रेक्षकांच्या दंग्याची इतकी धास्ती होती, की दोन्हीकडच्या लोकांची आत जायची वाटसुद्धा वेगळी ठेवलेली. उभं राहून बघणाऱ्यांसाठी लोखंडी जाळ्यांचे कप्पे. समोरही उंच जाळी, म्हणजे कुणी मैदानात उतरू नये. त्या जाळीत लहान लहान फाटकं होती, पण ती बंद.

लिव्हरपूलच्या उभ्या प्रेक्षकांची दहा हजारांवर तिकिटं गेलेली आणि त्यांच्यासाठी एकेक माणूस आत सोडणारी फिरती फाटकं फक्त 7. सामन्याची वेळ जवळ आली तरी बाहेर गर्दी तुंबलेलीच. बाहेर कुणी चेंगरेल म्हणून पोलिसांनी बाजूचं मोठं दार उघडलं. लोक समोर दिसलेल्या बोगद्यातून सरळ मधल्या कप्प्यांत शिरले. ते कप्पे आधीच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळा म्हणून सांगायला बोगद्याच्या तोंडाशी कुणी उभं नव्हतं. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं आणि पुढच्यांना मागं सरता येत नव्हतं. जाळीला चिकटून माणसं उभ्याउभ्या गुदमरली. जीव वाचवायला जाळी चढणाऱ्यांना पोलीस आधी दंगेखोरच समजले. एकूण 97 जणांचा जीव गेला. त्यातला शेवटचा माणूस त्या दिवशीच्या दुखापतींनी 2021 साली, बत्तीस वर्षांनी गेला.

तिथं मारामारी झालीच नव्हती, मैत्रिणींनो. मारामारी होऊ नये म्हणून केलेल्या पिंजऱ्यानं माणसं मारली.

आणि वर दोष कुणाला दिला? मेलेल्यांनाच. दारू पिऊन आले, दांडगाई केली, असं सांगितलं गेलं. ॲन विल्यम्स नावाची एक आई होती. तिचा केविन पंधरा वर्षांचा. दुपारी सव्वातीननंतर कुणाला वाचवणं शक्यच नव्हतं, असं चौकशीत ठरवून टाकलं होतं. ही बाई साक्षीदार शोधत फिरली. आपला मुलगा त्यानंतरही जिवंत होता, हे तिनं लावून धरलं. जुना निकाल अखेर 2012 साली कोर्टानं रद्द केला. पुढच्याच वर्षी ती वारली. 2016 साली नव्या चौकशीत ज्युरींनी सांगितलं, की ह्या लोकांचा मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाला आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात दोष नव्हता. ते ऐकायला ॲन नव्हती.

त्या दुर्घटनेनंतर तिथल्या मोठ्या मैदानांवरच्या समोरच्या जाळ्या काढल्या आणि प्रत्येकाला बसायला खुर्ची आली. दोन बाजूंना वेगळं बसवणं मात्र बंद झालं नाही. मध्ये रिकाम्या रांगा सोडतात, माणसं उभी करतात, येण्याजाण्याची दारं वेगळी ठेवतात. म्हणजे अंतर ठेवायचं, कोंडायचं नाही.

तिसरी गोष्ट तुर्कस्तानातली. इस्तंबूलच्या फेनरबाह्चे संघाच्या प्रेक्षकांनी 2011 साली एका सामन्यात मैदानात घुसून गोंधळ घातला. शिक्षा अशी, की पुढचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळा. मग फेडरेशनला वेगळीच युक्ती सुचली. पुरुषांना बंदी, बायका आणि बारा वर्षांखालच्या मुलांना फुकट प्रवेश. 20 सप्टेंबरला 41 हजारांहून जास्त बायका-मुलं आली. पाहुण्या संघाचंही त्यांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. हे वाचून आम्हाला आनंद झाला. पण आमच्यातली एकजण म्हणाली, “पुरुषांना घरी बसवून एक सामना पार पडला. आपल्याला तर रोज ह्याच पोरांबरोबर राहायचंय.” खरंच आहे ते.

गर्दी काही फुटबॉलचीच असते असं नाही. 2005 साली मांढरदेवीच्या यात्रेत काय झालं, ते आपल्या भागात कोण विसरेल? अरुंद वाट, मागून रेटा, पुढं अडकलेली माणसं. जवळजवळ तीनशे लोक गेले. म्हणून हे आम्ही सगळ्यांना सांगतो. गर्दीत माणूस बहुतेक वेळा पायाखाली तुडवून नाही, तर छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्यानं मरतो. दाटी वाटली तर दोन्ही हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. चप्पल, पिशवी पडली तर वाकू नका. लेकराला वर उचला. लोंढ्याच्या उलट जोर लावू नका. त्याच्याबरोबर चालत तिरकं कडेला सरा. आणि मागं असाल तर रेटू नका. पुढं काय चाललंय, ते तुम्हाला दिसत नसतं.

हे सगळं घेऊन आम्ही पुन्हा समितीपुढं गेलो. चार गोष्टी मागितल्या. आळ्या वेगळ्या बसवा, पण मध्ये कुंपणाऐवजी दहा-बारा पावलांची मोकळी जागा आणि दोरी ठेवा. प्रत्येक बाजूला दोन वाटा, कुठंही कुलूप नाही. प्रत्येक वाटेवर एक माणूस शेवटपर्यंत उभा राहील आणि गर्दी वाढली तर सामना थांबवा म्हणायचा हक्क त्याला असेल. आणि बायका-मुलांना भिंतीच्या कोपऱ्यात नको, वाटेजवळ बसवा. थोडी कुरकुर झाली. “तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?” असंही कुणी म्हणालं. आम्ही म्हटलं, “फुटबॉल नाही कळत. दार कळतं.” तीन गोष्टी मान्य झाल्या. सामना थांबवायच्या हक्कावर अजून घोळ चाललाय. आम्ही तो सोडणार नाही.

वाटेवर उभं कोण राहणार, ह्याची यादी आम्हीच केलीय. प्रत्येक वाटेवर एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. स्वतःची आई, काकी, मावशी समोर उभी असली की दगड उचलणारा हात जरा थबकतो, असा आमचा अंदाज.

पहिल्या वाटेसाठी त्या दोघींची नावं लिहिलीत. एकीनं हो म्हटलंय. दुसरी ह्या वेळेला भाकऱ्या थापत रेडिओ लावते, हे आम्हाला ठाऊक आहे. तर बाई, ऐकत असशील तर एवढंच सांगायचंय. रविवारी चारला सामना आहे. तुझी जागा आम्ही धरून ठेवलीय. आणि बुधवारच्या बैठकीतलीसुद्धा.

नमस्कार.