थरथरणारे हात
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



मी डॉक्टर नव्हे. बी.कॉम. होऊन वडिलांच्या कापड दुकानात बसलेला मी एक व्यापारी आहे. आज या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, माझा हा उजवा हात थरथरतो.

काही वर्षांपूर्वी सही जुळत नाही म्हणून माझा धनादेश परत आला. ज्या सहीवर उभी हयात व्यवहार झाला, तीच परकी ठरली! ताग्यातून कापड कापताना कात्री हले, चहा बशीत सांडे. हा कंपवातच, असे मनाशी ठरवून मी समारंभांत चहा नाकारू लागलो. घरातही बोललो नाही. अखेर सूनबाईंनी आग्रहाने मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले.

त्यांनी हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले, थरथर थांबली. कागदावर चक्राकार रेघ काढायला लावली. ती नागमोडी उमटली. मग त्यांनी विचारले, "घरात आणखी कोणाचे हात थरथरत होते का?" मला वडील आठवले. वाटीतले वरण सांडते म्हणून त्यांनी पंगतीला येणेच सोडले होते. आम्ही म्हणत असू, वय झाले.

माझ्या विकाराचे नाव 'इसेन्शियल ट्रेमर'. तो पुष्कळदा आनुवंशिक असतो आणि हात काम करू लागला की दिसतो. कंपवात निराळा. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. त्यात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होतात. हात बहुधा विसाव्यात असताना थरथरतो, हालचाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते. याखेरीज थायरॉइडचा अतिस्राव, दम्याची काही औषधे, चहा-कॉफीचा अतिरेक, भीती यांनीही कंप सुटतो.

आपल्या समाजासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याला उपवासात थरथर व घाम सुटला, तर रक्तातील साखर घटलेली असू शकते. तपाची परीक्षा समजून ते सोसू नये. तत्काळ साखर द्यावी. पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कंपासोबत अचानक वाचा अडखळली किंवा हातापायातील शक्ती गेली, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

औषधाने माझा कंप गेला नाही, पण पुष्कळ उणावला. बँकेत नव्या सहीचा नमुना दिला. आता चारचौघांत दोन्ही हातांनी पेला धरून चहा घेतो. वडिलांना मात्र कोणी डॉक्टरांकडे नेले नाही, त्यांच्या पंगत सोडण्याचे कारणही विचारले नाही. त्यांच्या स्मृतीस मिच्छामि दुक्कडम्.

आपल्या पंगतीत असा कोणी दिसल्यास त्याच्याकडे टक लावून पाहू नका. त्याची वाटी अर्धीच भरा, शेजारी बसा आणि दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!