रिकामा राहिलेला रकाना
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही सरकारी कार्यालयात संगणक सांभाळणारी डिप्लोमावाली माणसे. आज बोलणार आहोत ते पडद्यावर न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी. फाईल दाबून लहान करण्याचे काम संगणकात तयार ‘लायब्ररी’ करतात. त्यांतल्या अनेक मुक्त आहेत. कोणीही उघडून पाहाव्यात, सुधाराव्यात, फुकट वापराव्यात.

युक्ती आपल्या आरतीसंग्रहातलीच. ध्रुवपद एकदा पूर्ण छापतात, पुढे कडव्याखाली नुसते ‘ध्रु.’ लिहितात. पुन्हा आलेला मजकूर शोधायचा आणि तिथे खूण ठेवायची. किती मागे वळून शोधायचे, यात मोठा फरक पडतो.

१९९५ पासूनची झेडलिब फक्त ३२ किलोबाइट मागे पाहते. ती हलकी, म्हणून पीएनजी चित्रांपासून सगळीकडे आहे. पण फाईल फार लहान होत नाही. एक्सझेड वरच्या पातळीवर ६४ मेगाबाइट मागे पाहते. फाईल बरीच लहान होते, पण दाबताना सुमारे ६७४ मेगाबाइट मेमरी लागते आणि वेळही फार जातो. यान कोले यांनी घडवलेली झेडस्टँडर्ड फेसबुकने २०१६ मध्ये जाहीर केली. तिने मधली वाट काढली. आर्च लिनक्सने २०२० च्या सुरुवातीला एक्सझेड सोडून ती घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा पॅकेजांचा आकार सुमारे ०.८ टक्के वाढला, उलगडण्याचा वेग मात्र सुमारे १३०० टक्के.

आकार, वेग, मेमरी असे रकाने भरून आपण तुलना संपवतो. ‘सांभाळतो कोण?’ हा रकाना रिकामाच राहतो.

एक्सझेड अनेक वर्षे मुख्यतः लासे कोलिन या एकाच माणसाने, बिनपगारी सांभाळली. तब्येतीचा त्रास त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे सांगितला. तरी ‘काम लवकर करा, दुसऱ्याकडे सोपवा’ असा तगादा सुरूच होता. ‘जिया टॅन’ नावाने कोणी तरी मदतीला आले, विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. काही लिनक्स यंत्रणांत ती दूरस्थ लॉगिनपर्यंत पोहोचत होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्यांनी खोदून पाहिले आणि २९ मार्चला जगाला सावध केले. लायब्ररी मुक्त होती म्हणून त्यांना खोदता आले. पण मुक्त आहे म्हणून कोणी तरी तपासतच असेल, असे मात्र नव्हे.

मंडळ चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. हिशेब, मांडव, प्रसाद सारे एकाच कार्यकर्त्यावर पडले की तो थकतो. मग किल्ल्या कोणाच्या हाती जातात, हे पाहायलाही कोणी उरत नाही.

म्हणून संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगणे एवढेच : साधन निवडताना वेगाबरोबर विचारा, सांभाळणारे किती, त्यांना पैसा कोण देते, त्रुटी कळवली तर उत्तर येते का? आणि जे फुकट वापरता, त्याची थोडी सेवा करा. एखादी चूक नीट लिहून कळवा, माहितीपुस्तिकेचे एक पान मराठीत आणा. तेही वर्गणी भरण्यासारखेच आहे.