समाधी उतरल्यावर



विषय आहे साक्षात्कार आणि त्यानं माणसात होणारा पालट. वैशाखाच्या या उकाड्यात असला विषय ऐकायला आपण आलात, म्हणजे निम्मी साधना इथेच झाली म्हणायची!

या विषयात आपल्या रायपूर शहराचा एक मान आहे. 1877 साली विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला होते. त्यांचं कुटुंब कलकत्त्याहून इकडे यायला निघालं. आगगाडी नागपूरपर्यंतच होती, पुढे जंगलातून बैलगाडी. गाडीत त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, होता. वाटेत एका कड्याच्या भेगेत, वरपासून पायथ्यापर्यंत, मधमाश्यांचं प्रचंड पोळं लागलेलं. एवढ्याशा माश्या, आणि त्यांचं एवढं राज्य! त्या विचारात पोरगा असा बुडाला की देहभान हरपलं. भानावर आला तेव्हा गाडी कितीतरी पुढे निघून आली होती. विवेकानंदांनी ही आठवण पुढे स्वतः सांगितली आणि स्वामी सारदानंदांनी ती लिहून ठेवली. ती जागा दरेकशाजवळची, असं सालेकसाकडचे लोक सांगतात.

आपण काय केलं? बूढा तालाबाला विवेकानंदांचं नाव दिलं, पुतळा उभा केला, विमानतळालाही नाव दिलं. चांगलंच झालं. पण गोष्ट सांगताना आपण पोळ्यापाशीच थांबतो. मला विचाराल तर खरी गोष्ट तिथे सुरूही झालेली नाही. भान तर तापातही हरपतं. याच नरेंद्रानं पुढे काशीपूरच्या बागेत रामकृष्णांजवळ हट्ट धरला की मला समाधीतच राहू द्या. तेव्हा गुरूंनी कौतुक केलं नाही, कान उपटले. तू एकट्याची सुटका मागतोस? लाज वाटत नाही? असा त्या बोलण्याचा रोख होता. तेव्हा रामकृष्ण स्वतः गळ्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले होते, हेही लक्षात घ्या.

आपल्याकडेही असंच झालं, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय फार गाजला. आसन, बंध, कुंडलिनी. वाचताना अंगावर काटा येतो. रा. द. रानड्यांनी 1933 साली महाराष्ट्रातल्या संतांच्या अनुभवांवर मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यातही ज्ञानेश्वरांचं स्थान ठळक आहे. पण माझ्या लेखी कसोटीचा अध्याय तेरावा. तिथे अहिंसेचं वर्णन सुरू होतं आणि ज्ञानदेव थांबायलाच तयार नाहीत. ज्ञान झालेला माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, त्याची नजर कशी पडते, हात कसा हलतो. एकेका अवयवाची जणू झडतीच. आत काय झालं ते आम्हांला दिसणार नाही, तेव्हा पाय दाखवा, असा तो खाक्या आहे.

ही झडती जिनं जशीच्या तशी पार केली, अशी एक परंपरा आपल्या शेजारीच आहे, आणि आपण मराठी माणसं तिच्याकडे क्वचितच बघतो. गुरू घासीदास. जन्म 18 डिसेंबर 1756, गिरौदपुरी. अस्पृश्य ठरवलेल्या समाजातले. परंपरा सांगते, जगन्नाथपुरीला निघालेले घासीदास सारंगढहून परत फिरले, सोनाखानच्या जंगलात शिरले आणि औरा-धौराच्या झाडाखाली सहा महिने तपाला बसले. त्या सहा महिन्यांत काय दिसलं, याचं वर्णन करत ते बसले नाहीत. बाहेर आले ते सतनाम घेऊन. मूर्ती नको, जात नको, मांस-दारू-तंबाखू नको. आणि एक नियम असा की मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं: दुपार झाल्यावर नांगर धरायचा नाही. गाय तर औताला जुंपायचीच नाही.

शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. पावसाची उघडीप मिळालीय, अर्धं शेत राहिलंय, आणि ऊन डोक्यावर आलं म्हणून बैल सोडायचे! पोटाला चिमटा घेऊन पाळायचा नियम आहे हा. तेराव्या अध्यायातली अहिंसा इथे बैलाच्या खांद्यापर्यंत पोहोचली. चित्त पालटलं म्हणतात ते याला.

ही सतनामी माणसं ज्ञानेश्वरी वाचत नव्हती. आणि गंमत बघा, त्या काळात इथे राज्य आपल्या नागपूरकर भोसल्यांचं होतं. घासीदास दोन वर्षांचे असताना, 1758 साली, बिंबाजी भोसले रतनपूरला आले. रामटेकडीवरचं देऊळ त्यांचंच. म्हणजे राज्यकर्ते मराठी, आणि त्यांच्याच मुलखात ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते तो माणूस देवळाशिवायचा धर्म उभा करत होता. पुढे 1890 च्या दशकात चारपारा गावच्या परशुरामानं हेच वेगळ्या रीतीनं केलं. त्याच्या रामनामी पंथातल्या लोकांनी रामनाम अंगभर गोंदून घेतलं. आता कुठल्या दाराशी अडवाल? आपल्या त्या राज्याचा आपण अभिमान बाळगावा की मान खाली घालावी, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

ध्यानाच्या शिबिरांना माझा विरोध नाही. दहा दिवस मौन पाळून आल्यावर घरच्या मोलकरणीशी आपण कसं बोलतो, एवढंच मी विचारत असतो. उत्तर बहुधा मिळत नाही.

एक विनंती करतो आणि आपली रजा घेतो. येत्या 18 डिसेंबरला गिरौदपुरीला जा. तिथला 77 मीटरचा जैतखांब कुतुबमिनारापेक्षा उंच आहे, तो पाहून होईलच. पण संध्याकाळपर्यंत थांबा आणि सतनामींचा पंथी नाच बघा. तेवढं लांब जमणार नसेल तर रायपुरातल्याच एखाद्या सतनामी वस्तीत जा. मांदर ढोल सुरू झाला की खुर्ची शोधू नका. सगळे जमिनीवर बसतात, तिथेच बसा.