कान बंद झालाय? आधी बड खाली ठेवा

हा भाग ऐकताना तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानात इअरफोन असणार. म्हणून आज विषयही तिथलाच घेतलाय. कानातला मळ. ‘ई’ म्हणून पुढे ढकलू नका, पाच-सात मिनिटांचंच काम आहे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अंघोळ करून बाहेर आलो आणि उजवा कान बंद. पाणी गेलं असेल म्हणून एका पायावर उड्या मारल्या. काही नाही. मग केलं काय? तुम्ही कराल तेच. कॉटन बड घेतला, आत घातला आणि गोल फिरवला. कान आणखी बंद! माझाच आवाज मला माठात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू यायला लागला. आई म्हणाली, लसूण घालून तेल कोमट करते. मित्र म्हणाला, ‘अरे मळच असेल, जाईल आपोआप.’ मीही तेच धरून बसलो. चौथ्या दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात बघितलं आणि म्हणाल्या, ‘मळच आहे. पण नसता, तर हे चार दिवस महागात पडले असते.’

हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याचं कारण सांगतो, पण आधी मळाचं समजून घेऊ.

मळ म्हणजे घाण नाही. कानाच्या नळीत ग्रंथी असतात, त्यांचा स्राव आणि झडलेली त्वचा मिळून तो बनतो. धूळ अडवतो, त्वचा कोरडी पडू देत नाही, जंतूंना थोपवतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तयार होतो तो फक्त तिच्या बाहेरच्या भागात. पडद्याजवळ तयारच होत नाही. शिवाय नळीची त्वचा आतून बाहेर हळूहळू सरकत असते, एखाद्या सरकत्या पट्ट्यासारखी. आपण जेवतो, बोलतो, तेव्हा जबडा हलतो आणि त्याचीही मदत होते. मळ आपोआप बाहेर येतो.

मग पडद्याजवळ मळ सापडतो तो कसा? पुष्कळदा आपणच ढकललेला असतो. बडवर थोडा पिवळा मळ दिसतो, आपण खूश. बाकीचा आत ठासला जातो. त्यावर अंघोळीचं पाणी पडलं की तो फुगतो आणि एका क्षणात कान बंद. माझं हेच झालं होतं. तासन्‌तास इअरफोन घालणाऱ्यांचाही बाहेर येणारा मळ अडतो. आणि वय वाढलं की मळ कोरडा, घट्ट होतो. त्यामुळे घरी आजोबा टीव्हीचा आवाज वाढवत असतील, तर ‘वयच झालंय’ म्हणण्याआधी त्यांचा कान एकदा डॉक्टरांना दाखवा.

आता त्या चार दिवसांचं. कान अचानक बंद होण्याचं एक वेगळंही कारण असतं. आतल्या कानाला किंवा ऐकण्याच्या नसेला इजा होते आणि काही तासांत एका कानाचं ऐकू येणं कमी होतं. दुखत नाही. फक्त कान ‘भरल्यासारखा’ वाटतो, कधी शिट्टी वाजते, कधी चक्कर येते. अगदी मळासारखंच! यात स्टेरॉइडचं औषध देतात आणि पहिले काही दिवस फार मोलाचे असतात. दोन आठवडे उलटले की उपयोग होण्याची शक्यता बरीच घटते. ‘मळच असेल’ म्हणून थेंब टाकत बसलेला माणूस नेमके तेच दिवस घालवतो.

फरक ओळखायचा एक साधा प्रयोग आहे. आत्ताच करा. दोन्ही इअरफोन काढा, उजव्या कानात हलकेच बोट लावा आणि तोंड मिटून ‘म्म्म्म’ म्हणा. आवाज कुठे मोठा वाटला? बंद केलेल्या कानात ना? मळाने कान बंद झाला तरी तसंच होतं, कारण हाडांतून आत गेलेला आवाज तिथेच कोंडतो. पण नसेचा त्रास असेल तर गुणगुणणं चांगल्या कानात मोठं ऐकू येतं. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अर्थात, हा फक्त अंदाज आहे. खात्री कानात बघूनच होते आणि गरज पडली तर ऐकण्याची चाचणी करून.

मळ काढतात कसा? तीन पद्धती आहेत. बहुतेक वेळा आधी काही दिवस मऊ करणारे थेंब देतात. मग एक तर पिचकारीने पाणी मारून धुतात. हे पाणी शरीराइतकंच कोमट लागतं. गार किंवा गरम असेल तर गरगरतं, कारण तोल सांभाळणारा भाग तिथेच आत असतो. दुसरी पद्धत म्हणजे सूक्ष्मदर्शकातून बघत बारीक नळीने मळ ओढून घेणं. माझं असंच काढलं. आवाज मोठा येतो, क्षणभर डोकं हलकं होतं, पण दुखलं नाही. तिसरी म्हणजे बारीक कडीच्या सळईने काढणं. पडद्याला पूर्वी भोक पडलं असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, कान वाहत असेल किंवा मधुमेह असेल, तर ते आधीच सांगा. अशा वेळी पाणी मारणं टाळतात किंवा फार जपून मारतात.

आणि हे करू नका: बड, हेअरपिन, किल्ली, काडी, काहीही आत नको. स्टेशनबाहेर कान साफ करून घेणं नको. कानात मेणबत्ती लावायचे व्हिडिओ बघून तर अजिबात नको. त्याने मळ निघत नाही, कान भाजतो मात्र. ऑनलाइन मिळणारा कॅमेरावाला कानकोरणाही नको. पडदा स्क्रीनवर दिसला, म्हणून हाताला अंतर कळतंच असं नाही. तेलाचं आईला मी समजावलंय. पावसाळ्यात कानात ओल आणि तेल राहिलं की बुरशीला आयतं घर मिळतं.

रोज करायचं इतकंच: अंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान पुसा, इअरफोनचे रबर स्वच्छ ठेवा, दुसऱ्याचे वापरू नका. बाकी काम कान स्वतः करतो.

माझा मळ निघाला तेव्हा पहिल्यांदा काय ऐकू आलं, माहितेय? दवाखान्यातल्या पंख्याची कुरकुर. इतका गोड आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

हा भाग घरातल्या बडवाल्या माणसाला नक्की पाठवा. प्रत्येक घरात एक असतोच. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, दोन्ही कानांनी!